पाव इंचाला एक फूट

आमच्या घरात मापं दोन होती आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं माप म्हणजे स्टीलची बारा इंची पट्टी. ते सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते, आणि घरी आल्यावरही चहाचा कप ठेवण्याआधी टेबलाची कड सरळ आहे का ते बघणारा तो माणूस. आईचं माप म्हणजे तिचा उजवा हात. पडदा किती लांब हवा? दारापेक्षा चार बोटं कमी. लोणच्याच्या फोडींवर तेल किती? दोन पेरं. मी किती वाढले? ती मला भिंतीशी उभी करून पाठीवर वीत टाकायची आणि सांगायची, “मागच्या दिवाळीपासून अर्धी वीत.” नाना पट्टी पुसत म्हणायचे, “तुझ्या वितीला सरकारी शिक्का आहे का?” आई म्हणायची, “तुमची पट्टी हापिसात राहिली की तुम्ही आंधळे. माझी झोपेतसुद्धा हातालाच असते.” मग दोघं हसायचे. माझ्या लहानपणातलं दोघांचं एकत्र हसणं एवढंच मला नीट आठवतं, म्हणून आधी ते लिहून टाकलं.

आम्ही तापीकाठच्या गावात, इतवारा पेठेत, गंगाकाकूंच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. खाली काकू, मागच्या गल्लीत लूम. दिवसभर त्या पॉवरलूमची खटाखट भिंतीतून यायची आणि आम्हाला ती ऐकूही येत नसे. लाइट गेली आणि लूम बंद पडले की मात्र सगळे दचकून वर बघायचे. आमच्याकडे पाहुणा आला की तो पहिला दिवस नुसता “काय म्हणालात?” करण्यात घालवायचा. सकाळी पोहे, रविवारी वरण-बट्टी, आणि पगाराच्या दिवशी नाना चौकातून मावा जिलेबी आणायचे. ती काळीभोर, पाक गळणारी जिलेबी आई कागदासकट ताटलीत ठेवायची आणि कागद शेवटी मी चाटायची. माडीच्या खिडकीशी नानांचं टेबल होतं. त्याला हात लावायचा नाही हा घरातला एकमेव कडक नियम.

त्या टेबलावर नाना छोट्या वस्तू करायचे. खेळणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा, काडेपेटीच्या काड्या, सरस, ब्लेडचं अर्धं पान, एवढ्यावर त्यांनी मालगाडीचा डबा केला होता, तापीवरचा पूल केला होता, असीरगढ किल्ल्याचा दरवाजा त्याच्या खिळ्यांसकट केला होता. सगळं मोजून. पाव इंचाला एक फूट, हे त्यांचं ठरलेलं प्रमाण. खरी वस्तू एक फूट असेल तर त्यांची पाव इंच. काकू त्यांना चिडवायच्या, “नाना, कामावर नकाशे, घरी बाहुल्या. तुमचा नादच न्यारा हाये.” नाना चिडायचे ते बाहुल्या या शब्दावर, कारण त्यांच्या कुठल्याही वस्तूत माणूस नसे. पुलावर कुणी चालत नसे, दरवाज्यात पहारेकरी नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “माणसं घातली की खेळणं होतं. माणूस मापात बसत नाही, बेटा.” तेव्हा मला ते कळलं नाही, आणि पुढे कळलं ते काही आनंदानं नव्हे.

मी सात वर्षांची होते त्या वर्षी त्यांनी गावाच्या कडेला, लालबागेत एक लहानसा प्लॉट घेतला. रविवारी आम्ही तिघं तिथे जायचो. नाना चुन्यानं रेघा मारायचे आणि आई त्या रेघांच्या आत चपला काढून शिरायची, जसं काही खरंच घर उभं आहे. “इथे ओटा,” ती म्हणायची, आणि हवेत हात टेकवून उभी राहायची. नाना तिला सांगायचे की तू भिंतीत उभी आहेस. ती बाजूला सरकायची आणि तिथून खोकायची. तो खोकला आखाड लागेपर्यंत आमच्या घरातलाच एक आवाज होऊन बसला होता. इथल्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले, ते साफ निघाले, पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. दुखणं छातीत नव्हतंच. घशात गाठ होती, आणि ती सापडेपर्यंत आईला पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. तिला इंदूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. निमामावशी, आईची धाकटी बहीण, तिच्याजवळ राहायला खंडव्याहून निघून आली. जीप दारात उभी असताना आईनं माझी वेणी घालून दिली, घाईत वाकडी, आणि बसल्या आवाजात म्हणाली, “तू आणि नाना घर करून ठेवा. मी आले की बघते.” मी ते वाक्य दिवसभर तोंडात घोळवलं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात ते असं झालं होतं: घर झालं की आई येते.

दुसऱ्या दिवशी नाना कचेरीतून आले, पाय धुतले, आणि टेबलाशी बसून मला हाक मारली. “ये, पट्टी धर.” मला वाटलं, चुकून बोलले. त्यांनी खुर्चीवर उशी ठेवली, मला बसवलं आणि माझी दोन बोटं पट्टीवर दाबून धरली. त्या टेबलाला हात लावायला मिळाला हा आनंद, आणि तो आई इंदूरला गेल्यामुळे मिळाला हे दोन्ही एकाच वेळी मला कळत होतं. लहान मुलांना असलं सगळं कळतं; फक्त ते कुठे ठेवायचं ते कळत नाही.

मग आम्ही घर करायला घेतलं, लालबागेच्या प्लॉटवरचं, पाव इंचाला एक फूट. नाना शिकवायला फार चांगले होते, हे मी आज रागातसुद्धा म्हणते. एका फटक्यात पुठ्ठा कापायचा नाही. ब्लेड हलकं फिरवायचं, परत फिरवायचं, पुठ्ठा आपण होऊन सुटतो. “आराम से, बेटा. ब्लेड घाई करणाऱ्याचं बोट खातं.” सरस काडीच्या टोकावर मुंगीएवढा घ्यायचा. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, आणि आमच्या घरात एक सूत म्हणजे खऱ्या घरातलं अर्धं फूट, हे मी शाळेत अपूर्णांक शिकण्याआधी शिकले. गादीसाठी मागच्या गल्लीतून लूमचा कापूस वेचून आणायचा. कौलं म्हणून पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की आतल्या नळ्या दिसतात, त्या गेरूत रंगवायच्या. खिडक्यांच्या काचांसाठी नानांनी आईच्या छातीचे ते बिनकामाचे झालेले फोटो कपाटातून बाहेर काढले. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ते भिजत ठेवायचे आणि चिंधीनं घासायचे, की काळं सुटून स्वच्छ पारदर्शक पान उरतं. ते काम माझं होतं. मी आईच्या बरगड्या एकेक करून पुसल्या आणि मला त्यात काहीच वाटलं नाही. उलट एक बरगडी जरा निघेना तेव्हा मी जोर लावला आणि नानांनी शाबासकी दिली. आता कधी दवाखान्यात कुणी तसला फोटो उजेडासमोर धरला की मी दुसरीकडे बघते.

नाना शनिवारी रात्रीच्या बसनं इंदूरला जायचे आणि सोमवारी पहाटे परत यायचे. मला नेत नसत. वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या दोन दिवसांत मी खाली काकूंकडे असायची. काकूंच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत, आणि तोंडाची टकळी. “का व बेबी, खाय ना. तुह्या मायनं येऊन पाह्यलं तर मले म्हनीन, पोरीले वाळवून ठेवली.” सोमवारी पहाटे जिन्यावर नानांचा पाय वाजला की मी अंथरुणातून उठून धावायची आणि पहिलं विचारायची, “आई काय म्हणाली?” आणि नाना पिशवी खाली ठेवायच्या आधी निरोप द्यायचे.

पहिला निरोप मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. “आई म्हणाली, ओट्यावरची खिडकी ओट्यापासून दोन वीत वर घ्या. फोडणीचा धूर सरळ बाहेर गेला पाहिजे.” आता आली का पंचाईत! दोन वीत म्हणजे किती इंच? नानांची वीत नऊ इंचांची, माझी पाचाच्या आसपास. आईची किती ते कुणी कधी मोजलंच नव्हतं. मग मला आठवलं. लक्ष्मीपूजनाला आई दाराच्या चौकटीशेजारी हळदीचा हात उमटवायची, बोटं पूर्ण फाकवून, आणि वर्षभर तो तसाच राहू द्यायची. मी नानांना ओढत दाराशी नेलं. त्यांनी अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टी लावली. साडेसात इंच. “दोन वीत पंधरा इंच, म्हणजे सवा फूट, म्हणजे आपल्या घरात अडीच सूत,” नाना म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू आईच दारात उभी होती. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पोहे केले, आणि ते करपले, आणि आम्ही ते खाल्ले.

दुसऱ्या सोमवारी उंबऱ्याचा निरोप आला. “चारच बोटं ठेवा म्हणाली, उद्या घरात कुणी रांगतं आलं तर अडखळायला नको.” चार बोटंही त्या हळदीच्या हातावरूनच घेतली, अर्धं सूत भरली. मग तुळशीवृंदावन तिच्या कमरेएवढं, तर तिची कमर जमिनीपासून किती, यासाठी आम्ही तिची साडी दोरीवर टाकून निऱ्यांची उंची मोजली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा खेळ होता. आई इंदूरला होती आणि तरी आम्ही रोज तिचा हात, तिची बोटं, तिची उंची मोजत होतो.

काकूंनी त्यात भर घातली. एकदा त्या माडीवर आल्या, घर बघितलं, तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वनीच्या गडावर लोक दगडावर दगड मांडून घर करतात, का देवी त्याहिले घर देते. तुम्ही तं खिडक्या-दारं लावून मांगू राहिले. तुमचं कसं नाही आयकनार ते?” झालं. माझी खात्री पटली. घर मागायची ही पद्धतच आहे, आमचं तर बिनचूक मापाचं आहे, आणि ते पुरं झालं की आईला घरी पाठवण्यावाचून देवीला दुसरा मार्गच नाही. त्या दिवसापासून मी घाई करायला लागले. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टेबलाशी. दिवसाला एक भिंत, एक दार. आणि याच दिवसांत नाना हळू व्हायला लागले.

आधी मला वाटलं, ते दमलेत. उभी केलेली भिंत ते परत पट्टी लावून बघायचे आणि म्हणायचे, “केसभर बाहेर गेलीय, काढू या.” मला काही बाहेर गेलेली दिसायची नाही. छत बसवायच्या दिवशी त्यांनी सरस वाळल्यावर ते सबंध उचकटलं. मी पाय आपटले. “तुम्ही मुद्दाम करता! तुम्हाला आई यायला नको आहे!” मी ओरडले. नानांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. उचकटलेलं छत दोन्ही हातांत धरून बसून राहिले. मग म्हणाले, “अजून न्हाणीघर राहिलंय ना. आईनं या वेळी तेच सांगितलंय. पाच फूट बाय चार फूट.”

निरोप येत होते, पोळ्यानंतर तर जास्तच. आईचा आवाज आता बारीक झालाय, पण बोलते, असं नाना सांगायचे. फडताळ साडेपाच फुटांवर हवं. परसातली भिंत चार फूट. न्हाणीच्या दाराला वर सहा इंचांचा झरोका. मी खूष होते, कारण आता हळदीच्या हाताकडे जाऊन मोजायची कटकट उरली नव्हती. आकडा आला की पट्टीवर पाव करायचा आणि कापायचा. काम झपाझप होत होतं. नाना जेवढं नवं काढत होते त्यापेक्षा वेगानं मी संपवत होते. माझं बोट दोनदा कापलं, मी ते फ्रॉकमध्ये लपवलं. नवरात्र गेलं. एक दिवस मी टेबलाभोवती फिरून सगळं बघितलं, ओटा, फडताळ, न्हाणी, तुळस, कापसाची गादी, आणि विचारलं, “नाना, आता काय राहिलं?” त्यांनी पट्टी पुसायला घेतली. “बघू,” म्हणाले. “या वेळी विचारून येतो.”

त्या वेळी ते सोमवारी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारात जीप थांबली, आणि मी जिन्यावरून खाली धावले. मला खरंच वाटलं होतं की घर पुरं झालंय म्हणून आई आली. काकूंनी मला पायरीवरच पोटाशी धरलं आणि सोडेनात. मी त्यांच्या बाजूनं मान काढून बघितलं. हिरवी साडी, कपाळभर मळवट, आणि मध्ये चेहरा एवढासा. हात तर एवढेसे. दोन-तीन महिन्यांत माणूस किती आटतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मला कुणी नेलंच नव्हतं. मला वाटलं, हिचं माप कुणीतरी चुकवलंय. मी तसं मोठ्यानं म्हणालेसुद्धा, आणि नानांनी ते ऐकलं. मागच्या गल्लीतले लूम तेवढ्या वेळापुरते मालकांनी बंद ठेवले होते. ती शांतता मला सहन होईना आणि मी कानांवर हात ठेवले.

दहाव्याच्या दिवशी पुरुष मंडळी तापीवर राजघाटाला गेली होती. निमामावशी आणि काकू माडीवर सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि मी मावशीच्या पाठीला टेकून बसले होते. लहान मूल पाठीशी गप्प बसलं की बायका ते आहे हे विसरतात. काकूंनी विचारलं, “आखरीले काई बोलली का व ते?”

“कुठलं बोलणं, काकू,” मावशी म्हणाली. “पोळ्याच्या दिवशी पाणी मागितलं तिनं, तेवढंच. त्याच्यानंतर तोंडातून अक्षर नाही निघालं. गळ्यात नळी टाकेल होती ना. नुसती पाहत रहायची.”

“मंग हातानं तरी काई सांगत असेल.”

“हात उचलत नव्हता हो. भाऊजी यायचे, तिचा हात हातात घेऊन दिवसभर बसायचे आणि चालले जायचे. काय बोलणार ती, काय बोलणार ते.”

मी तशीच टेकून राहिले. मावशीची पाठ बोलताना हलत होती तेवढी मला जाणवत होती. मला गणित येत होतं, नानांनीच शिकवलं होतं. खिडकी पोळ्याच्या आधी. उंबरा पोळ्याच्या आधी. तुळस आधी. फडताळ, न्हाणी, झरोका, परसातली भिंत, सगळं नंतर. आणि मग ते माझ्या लक्षात आलं, इतकं साधं की मी आधी कशी फसले याचीच मला लाज वाटली. आई जन्मात कधी फूट-इंचात बोलली नव्हती. साडेपाच फूट हे तिच्या तोंडचं नव्हतंच. ते शब्द इंदूरहून निघालेच नव्हते; ते असीरगढच्या पायथ्याच्या घाटात, पहाटेच्या बसमध्ये, खिडकीशी बसलेल्या एका नकाशे काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात तयार झाले होते, आणि त्याला वीत सुचली नव्हती.

तेरावं झालं, मावशी खंडव्याला गेली, नाना कचेरीत जायला लागले. एक दिवस ते नेहमीच्या वेळी आले, पाय धुतले, टेबलाशी बसले आणि खुर्चीवर उशी ठेवली. “ये, बेटा. आईचं एक राहिलंय. ओसरीवर झोपाळा. पाच फूट लांब पाहिजे म्हणाली होती.” त्यांनी काड्या मांडल्या होत्या, साखळीसाठी तांब्याची बारीक तार आणली होती. त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. मी उभीच राहिले आणि विचारलं, “वीत किती, नाना?”

त्यांनी वर बघितलं. साठ इंच भागिले साडेसात, आठ वीत. हा हिशेब त्यांना पेन्सिलीशिवाय यायचा, मलाही यायचा. ते आठ म्हणाले असते तर मी उशीवर जाऊन बसले असते. मी मनात म्हणत होते, म्हणा, आठ म्हणा. त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला, बोटं फाकवली आणि त्या हाताकडे बघत राहिले. मग फार हळू म्हणाले, “नाही सांगितलं, बेटा.” आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की तो मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकू इच्छित नाही. मी त्यांच्या जवळ गेले नाही. तेही मला जवळ घ्यायला उठले नाहीत. लाइट होती, लूम चालू होते, खाली काकू कुणाला तरी भाजीच्या भावावरून बोलत होत्या. नानांनी तार गुंडाळून डबीत ठेवली. त्यानंतर त्या टेबलाशी आम्ही दोघं कधी बसलो नाही, आणि नानांनी ब्लेड हातात धरलं ते फक्त पेन्सिलीला टोक काढायला.

त्यांनी ते माझ्यासाठी केलं हे मला कळतं. पन्नास माणसांनी मला ते समजावून सांगितलंय, माझ्या मुलीनंसुद्धा. पोरीनं रडत बसू नये, तिचे हात कामात असावेत, आई बोलते आहे असं तिला वाटावं. आणि त्यांना स्वतःलाही वाटावं, हे मी माझ्या बाजूनं जोडते. दिवसभर न बोलणाऱ्या बायकोचा हात धरून बसायचं आणि पहाटे जिना चढताना तिच्या तोंडचं काहीतरी घेऊन यायचं, हे त्यांनी कसं केलं असेल याचा विचार मी करू शकते. पण कळून काय होतं? मी तिच्या खाटेशी बसायचे दिवस तिच्या बरगड्या पुसत काढले. ती नुसती पाहत रहायची, असं मावशी म्हणाली होती. ती कुणाची वाट पाहत होती ते मला माहीत आहे. या वयातही माझा जीव त्या एका वाक्याशी येऊन थांबतो, पुढे जात नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

प्लॉट पुढे विकला. तिथे आता केळी पिकवायचं गोदाम आहे. आम्ही इतवाऱ्यातलं घर सोडलं तेव्हा काकूंच्या मुलानं चुना मारून घेतला, आणि चौकटीशेजारचा हळदीचा हात त्यात गेला. आम्ही सामान हलवण्याच्या गडबडीत होतो. नाना म्हातारे होऊन गेले. पुठ्ठ्याचं घर कुणी टाकलं नाही, कुणी मांडलंही नाही. ते आधी त्यांच्या कपाटावर होतं, आता माझ्या.

गेल्या महिन्यात हे प्रकरण लिहायला बसले आणि मनात आलं, आईची वीत तर त्या घरात आहे. फक्त तिथेच आहे. पोळ्यानंतरचं सगळं नानांनी आपल्या मनानं बांधलं, पण ओट्यावरची खिडकी तिच्या हाताची आहे, अडीच सूत. मी स्टूलवर चढून घर उतरवलं, धूळ झटकली, नानांची पट्टी शोधली. खिडकीची काच अजून स्वच्छ होती. ओट्यापासून खिडकीपर्यंत पट्टी लावली आणि चष्मा पुसून परत लावली. इतक्या पावसाळ्यांत पुठ्ठा दमट होऊन बसलाय, भिंत खचून आत वाकलीय, खिडकी खाली आलीय. माप दोन सूतही भरलं नाही. मी हिशेब केला, येतो मला अजून. वीत निघाली ती पाच इंचांच्या आसपास. ती काही आईची नव्हती. ती एका लहान मुलीची वीत होती, आणि त्या मुलीला मी चांगलं ओळखते. ती अजून जिन्यावर उभी राहून विचारते आहे, आई काय म्हणाली?